हत्ती तिरका चालला

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी. मी बावीस वर्षांचा होतो, आणि आमच्या घरातलं मीठ बंद झालं होतं. थोरला भाऊ सुरेश, त्याला मी दादा म्हणायचो, पुण्याहून कायमचा घरी आला होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पुण्याच्या डॉक्टरांनी होतं ते सगळं करून पाहिलं आणि शेवटी, घरी न्या, पाणी मोजून द्या, मीठ तर अजिबात नको, असं सांगून ते मोकळे झाले. आई म्हणाली, "पोरानं एकट्यानं अळणी गिळायचं आन् आपण त्याच्या म्होरं बसून चटणी चाटायची, हे मला जमायचं न्हाई." झालं. त्या दिवसापासून चौघांचंही अळणी. लोणच्याची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर गेली. बिनमिठाचं पिठलं कधी खाल्लंय का तुम्ही? ओल्या भिंतीची चव लागते त्याला. बाजरीची भाकरी तरी गोडसर असते, ती उतरायची घशाखाली. मी सुप्याच्या स्टँडवर जाऊन भजी खाऊन यायचो, आणि परत येताना तोंड धुऊन यायचो. आईला वासावरून कळायचं. ती माझ्याकडे नुसती बघायची.

आमचं घर सुप्याच्या अलीकडे, पुणे-नगर रस्त्याला लागून. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, माळ होता, आणि माळावर वारा. आम्ही सुतार. वडील, म्हणजे आण्णा, घराला लागूनच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे, आणि चौथीनंतर शाळा मला जमली नाही म्हणून मीही तिथेच. दादा मात्र शिकला. पुण्यात एका साहेबांच्या दुकानात तो छोटे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पाटीएवढा काळा डबा, वर रबराच्या कळा, आणि तो टीव्हीला जोडायचा. तसला एक डबा त्याने बरोबर आणला होता, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेला टीव्हीही. त्या डब्यात भरायला त्याने एक बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला होता. तो असायचा कॅसेटवर. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालून सुरू केली की असा आवाज निघायचा की वाटावं, कुणी खिळ्याने पत्रा ओरबाडतंय. शेजारचं कुत्रं त्या आवाजाला रडायचं. आई पदर कानावर घ्यायची. ती किंकाळी संपली की टीव्हीवर अक्षरं उमटायची, म्हणजे प्रोग्राम आत गेला. घरात दुसरे आवाज म्हणजे आण्णांचा रंधा, आणि दादाच्या खोलीतून येणारा त्याचा श्वास. शेवटी शेवटी तो श्वासही करवतीसारखाच वाटायला लागला होता.

दादाकडे अजून एक वस्तू होती, ती साहेबांची. विलायती बुद्धिबळाचं मशीन. दिसायला नुसता पट, पण प्रत्येक घराच्या कोपऱ्यात मुंगीएवढा लाल दिवा. तुम्ही सोंगटी उचलताना घर दाबायचं, ठेवताना दाबायचं, टुक टुक वाजायचं. मग ते विचार करायचं आणि आपली चाल दिवे लावून दाखवायचं. साहेबांनी ते परदेशातून आणलेलं. ते दादाला म्हणाले होते, ह्याच्याशी तुझा प्रोग्राम अर्धे डाव जरी टिकला ना सुरेश, तर मी तो कॅसेटवर भरून विकीन, आणि टीव्हीवर पहिलं तुझं नाव येईल. दादाला बाकी कशाचं काही राहिलं नव्हतं. लग्न मोडलेलं, नोकरी सुटलेली. ते नाव तेवढं त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

त्याचा एक जुना प्रोग्राम होता आणि एक नवा. नव्यावर त्याने वर्ष घातलं होतं, त्यातले बरेच दिवस अंथरुणात. नवा जुन्यापेक्षा खरंच चांगला झालाय का, आणि किती, हे त्याला बघायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, लावा दोघांना एकेक डाव मशीनशी, कळेल. मीही तेच म्हणालो. त्यावर दादा म्हणाला, "शिवा, एक फळी गुळगुळीत निघाली म्हणून रंधा चांगला म्हणशील का?"

"न्हाई. धा फळ्या मारून बघीन."

"मग हे तेच. आणि हे विलायती मशीन म्हणजे आपला काटकोन बघायचा गुण्या. गुण्या चांगला का वाईट हा प्रश्नच नाही. त्याला लावून जुना किती वाकडा ते बघायचं, मग नवा किती वाकडा ते."

हे मला लगेच कळलं. मला शिकवायला येतात ते लोक असं का बोलत नाहीत, हे मला आजवर कळलं नाही. मग त्याने रीत घालून दिली. जुन्याचे वीस डाव, नव्याचे वीस. एकदा पांढऱ्या सोंगट्या, एकदा काळ्या. पहिल्या काही चाली तो सांगेल त्याच, म्हणजे दोघांना सारखीच सुरुवात. विचाराला वेळ सारखा. मध्येच लाइट गेली तर तो डाव झालाच नाही असं समजायचं, जिंकत आलेला असला तरी. आणि हरत असला तरी मात होईपर्यंत खेळवायचा, दया दाखवायची नाही.

दादाला स्वतःला हे करता येत नव्हतं. सुजेने त्याचे डोळे जवळजवळ मिटले होते, टीव्हीवरची अक्षरं त्याला वाहत गेल्यासारखी दिसायची. म्हणून टीव्हीपुढे मी बसायचो आणि पटापुढे आण्णा. त्याने मला इंग्रजीची आठ अक्षरं शिकवली, ए पासून एच पर्यंत, उभ्या ओळींची. आडव्या ओळींचे आकडे तर येतच होते. आजही मला इंग्रजीची तेवढी आठच अक्षरं येतात आणि माझं काही अडलेलं नाही. मशीनचे दिवे लागले की आण्णांनी सोंगटी हलवायची आणि मी ती चाल टीव्हीच्या डब्यात दाबायची. डब्याने उत्तर दिलं की मी ओरडायचं, "जी एक, एफ तीन," आणि आण्णांनी ती पटावर करायची. टीव्हीवर पट दिसत नव्हता. नव्या प्रोग्रामला जागा पुरेना म्हणून दादाने पटाचं चित्रच काढून टाकलं होतं. नुसत्या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या ओळी. एरवी रविवारी सकाळी मालिका बघायला अख्खी आळी आमच्याकडे जमायची, टीव्हीला हार घालायची. त्यातली एक म्हातारी एकदा मधल्या वारी डोकावून म्हणाली, "काय रं शिवा, तुमच्या टीव्हीत देव रविवारचाच येतो, आन् बाकीचे दिस तलाठी बसतो व्हय?"

आण्णांबद्दल सांगायला हवं. सुप्यात, पार शिरूरपर्यंत, आण्णांइतका बुद्धिबळ खेळणारा माणूस नव्हता. बाजाराच्या दिवशी लोक त्यांच्याशी खेळायला यायचे आणि मान खाली घालून जायचे. विलायती सोंगट्या त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारल्या. "हा हत्ती हाय? हा तर बुरूज हाय. बुरूज चालतो का कुठं?" त्यांनी स्वतः कोरलेला शिसवी संच काढला. त्यातले हत्ती खरे हत्ती होते, सोंड वर केलेले, पाठीवर झूल. मशीनला काय, घर दाबलं गेल्याशी मतलब. दादाने त्यांना विलायती नियमांतलं जे वेगळं ते समजावलं होतं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं ते. किल्लेकोट. किल्लेकोट ऐकून आण्णा म्हणाले, "राजा पळत जाऊन हत्तीच्या मागं लपतो? मग त्याला राजा कशाला म्हणायचं, सरपंच म्हणा की." दादा खूप हसला होता तेव्हा. मग तो म्हणाला, "आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की सोंगटी बदला." आण्णा म्हणाले, "ते काय मला सांगतो?" आणि विषय संपला. तो तिथे संपायला नको होता.

जुन्याचे वीस डाव झाले. जुना बहुतेक सगळे हरला, आणि लवकर हरला. मध्यावरच मात व्हायची. दादाला मी रोज दिवे लागणीला जाऊन सांगायचो. पहिल्याच दिवशी त्याने माझा हात धरून ठेवला होता. "आई म्हणते तोंडावर तेज आलंय. आण्णा म्हणतात सूज उतरली. मी पायावर बोट दाबतो तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. मला सगळं कळतं. तू तरी जे झालं ते सांग." मी म्हणालो, "सांगीन." मग मी सांगायचो, हरला. तो म्हणायचा, बरं. पुढचा.

नव्याचे डाव लांबत होते. दुपारची जेवणं होऊन जायची तरी संपायचे नाहीत. पहिले काही तो हरला. आणि मग एके दिवशी आण्णा एकदम ओरडले, "अरं, चोर हाय हे!" मी उठून पाहिलं. मशीनचं एक प्यादं कडेच्या ओळीतून शेवटच्या घरात पोचलं होतं. आण्णांनी तिथे मशीनचा मेलेला हत्ती परत आणून ठेवला होता, रीतीप्रमाणे. आता मशीनचे दिवे त्या हत्तीला तिरका न्यायला सांगत होते. हत्ती, तिरका! आमच्या गावात कुणी खोटी चाल केली की डाव गेला. त्यावर बोलणंच नाही, समोरचा पोलीस पाटील असो नाहीतर पाहुणा असो. आण्णांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "डाव आपला. जा, सांग त्याला." मी दारात जाऊन सांगितलं, "दादा, जिंकला." तो उठून बसला. कित्येक दिवसांत तो आपला आपण उठून बसला नव्हता. "कसा?" त्याने विचारलं. माझ्या मागून आण्णा म्हणाले, "मशीन हरलं. बास. तू पड." त्याच्याशी फार बोलायचं नाही, धाप लागते, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. म्हणून बास.

त्यानंतर एकाआड एक डाव तसाच व्हायला लागला. मशीनचं प्यादं पोचायचं. हत्तीच्या ओळीत पोचलं तर आण्णा हत्ती ठेवायचे, घोड्याच्या ओळीत पोचलं तर घोडा, उंटाच्या तर उंट. आणि दोन-चार चालींत मशीन काहीतरी खोटं करायचं. घोडा सरळ पळायचा, उंट आडवा. आमचं प्यादं मात्र कधी शेवटपर्यंत पोचलं नाही, त्यामुळे आमच्याकडून खोटं काही झालं नाही. असे सात डाव आण्णांनी आपले ठरवले. "विलायती माल," ते म्हणायचे, "चाळीस-पन्नास खेळी झाल्या की त्याला भूल पडती." घरात सण झाल्यासारखं झालं. आईने एकदा गुळाचा शिरा केला, त्याला मीठ लागत नाही. दादाने दोन घास जास्त खाल्ले. आण्णा स्वतः सुप्याच्या पोस्टात जाऊन साहेबांना फोन करून आले. तिथे जमलेल्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं त्यांनी, "आमच्या सुरेशनं विलायती मशीन पाडलं!" साहेब म्हणाले, मी रविवारी येतो, कॅसेटही नेतो आणि मशीनही.

शनिवारी सकाळी परत तेच झालं. प्यादं एच ओळीत शेवटी पोचलं, आण्णांनी हत्ती ठेवला, आणि दिवे लागले, एच एक ते ई चार. तिरका. आण्णा म्हणाले, "बंद कर रं," आणि चहाला आत गेले. मी जात्याच हट्टी. मला वाटलं, चोराला आपला प्रोग्राम काय म्हणतो ते तरी बघू. मी काही चुकीचं दाबलं तर आमचा डबा टीव्हीवर प्रश्नचिन्ह काढायचा आणि हलायचाच नाही. सुरुवातीला त्याने मला किती वेळा अडवलं होतं. मी दाबलं, एच एक, ई चार. आता प्रश्नचिन्ह येईल म्हणून बघत बसलो. आलं नाही. टीव्हीची कड लुकलुकायला लागली, म्हणजे डबा विचार करत होता. त्याने चाल घेतली होती. दादाने लिहिलेल्या प्रोग्रामने, आमच्या घरच्याने, तिरका हत्ती मुकाट कबूल केला होता. दोन्ही मशीनांचं एकमत होतं. वेगळं म्हणणं होतं ते फक्त आण्णांचं.

मी पुढे खेळत राहिलो. त्या तिरक्या हत्तीने थोड्याच वेळात आमची मात केली.

दुपारी दादाला पाणी द्यायला गेलो. वाटीभरच द्यायचं असायचं. तो ओठ भिजवून परत पडला. मी विचारलं, "दादा, प्यादं कडेच्या ओळीत शेवटाला गेलं की काय हुतं?" तो डोळे मिटूनच म्हणाला, "वजीर. दुसरं काय होणार? मशीन आपोआप वजीर धरतं." आणि त्याला झोप लागली. मी वाटी हातात धरून उभा राहिलो. देशी बुद्धिबळात प्यादं ज्या ओळीत पोचेल त्या ओळीची सोंगटी होतं, हेच आम्ही जन्मभर खेळलो होतो. आण्णा, मी, बाजाराला येणारे सगळे. दादा पुण्यात दुसरं शिकला, आणि आमचं निराळं असतं हे विसरूनही गेला. मशीन खोटं खेळलंच नव्हतं. ते आपल्या वजिराने खेळत होतं, आणि आमच्या पटावर त्या जागी आण्णांचा शिसवी हत्ती उभा होता.

आता माझ्या नातीच्या मोबाईलमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम आहे. ती सांगते, आजोबा, हे प्रोग्राम आता एकमेकांशी रात्रंदिवस हजारो डाव खेळतात, मध्ये माणूस लागतच नाही, आणि कोण कितीने भारी हे अपूर्णांकात काढतात. मी ऐकून घेतो. मध्ये माणूस नाही हे चांगलं का वाईट, ते मला सांगता येत नाही. आमच्या इथे मध्ये माणूसच होता, आणि तो त्याचा बाप होता.

मी शेडमध्ये गेलो. आण्णा एका चौकटीवर रंधा मारत होते.

"आण्णा, प्यादं कडेला पोचलं तरी वजीर हुतो."

"कोण म्हन्तं?"

"दादा."

"त्याला काय म्हाईत? त्याला खेळ मी शिकिवला."

"ती देशी रीत, आण्णा. मशीन विलायती हाय."

"आन् पयला वजीर जित्ता असला तर? एका राजाला दोन वजीर? दरबार हाय का तमाशा?"

त्यांनी दोन हात मारले रंध्याचे. मग रंधा मध्येच थांबला. आण्णा हुशार माणूस होते, त्यांना दोनदा सांगावं लागत नसे.

"मंग ते सात डाव?"

"आपले न्हाईत ते."

त्यांनी चौकटीवरचा भुसा बोटाने सारला. मग म्हणाले, "सांगू नको त्याला."

"आण्णा..."

"सांगू नको म्हन्तो ना. उद्या साहेब येईल, च्या पिईल, चार शब्द गोड बोलंल, जाईल. पोरगं खुशीत ऱ्हाईल. मशीनीचं काय जातंय त्यात?"

"साहेब घरी जाऊन परत लावून बघतील. मंग दादाला लबाड म्हन्तील."

"तवर तो असंल का, शिवा?"

घरात हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. आण्णा बोलले, आणि बोलून झाल्यावर घाबरल्यासारखे दाराकडे बघायला लागले. दारात आई होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, माझा दंड धरला. तिची बोटं गार होती. "तू त्याला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील," ती म्हणाली. मी म्हणालो, "आई, मी त्याला शब्द दिलाय." ती म्हणाली, "तुझा शब्द मोठा का त्यो मोठा?" पण उत्तर सुचलं नाही म्हणून मी माझं म्हणणं सोडलं असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही.

दिवे लागणीला दादाने नेहमीसारखी हाक मारली. "शिवा, काय झालं आज?"

मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. "हरला," मी म्हणालो. "आन् आधीचे सात, जे जिंकला म्हणून सांगितलं, ते जिंकला न्हाई." मग मी सगळं सांगितलं. प्यादं, ओळ, रीत, आण्णांनी मशीन बंद करणं. तो ऐकत होता. डोळ्यांच्या फटी माझ्याकडे होत्या, पण त्याला माझं तोंड दिसत होतं की नाही कोण जाणे.

"हत्ती ठेवला?" त्याने विचारलं.

"व्हय."

"आण्णांनी कोरलेला, सोंडवाला?"

"व्हय."

तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि मी त्याला बसतं केलं. पाठ नुसती हाडं होती, आणि खाली पाय मात्र खांबासारखे सुजलेले. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "ते सात, हरलेलेही धरू नको. पुरे झाले नाहीत म्हणजे झालेच नाहीत. माहीत नाही ते माहीत नाही." मग जरा थांबून, "जुना एवढा टिकत नव्हता ना?"

"न्हाई. जुना लवकर मरायचा."

"हं," तो म्हणाला. आणि मग एकदम वेगळ्याच, बारीक आवाजात, "आठवडाभर मला आनंदाने झोप आली नव्हती रे." आणि तो भिंतीकडे वळला. मी विचारलं, परत लावू का ते डाव? त्याने पांघरूण कानावर ओढून घेतलं.

त्या रात्री तो जेवला नाही. आईने ताट तसंच परत आणलं, माझ्यापुढे आदळलं, म्हणाली, "घे. त्याचं बी खा." आण्णा उंबऱ्याशी बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजाणता का हुईना, माझ्या हातानं त्याला जिंकिवलं हुतं मी. बापाच्या हातानं दुसरं काय व्हायचं राहिलं हुतं आता? तेवढं बी तू काढून घेतलंस." मी भाकरी खाल्ली. अळणी असून ती मला त्या रात्री खारट लागली, का ते मी लिहीत बसत नाही.

दादा त्या पंधरवड्यातच गेला. आई पुढे बरीच वर्षं जगली, आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण माझ्या हातचं पाणी ती कधी प्यायली नाही. भावकीत अजून म्हणतात, शिवाने भावाच्या तोंडचा घास काढला. मला विचाराल तर मी आजही तेच करीन. त्याने मला डोळे म्हणून बसवलं होतं. डोळ्यांनी काय दिसतं ते सांगायचं असतं, काय दिसावं ते नाही. आता मी सुप्याच्या कारखान्यांना माल भरायच्या लाकडी पेट्या करून देतो, आणि माप चुकलं तर चुकलं म्हणून सांगतो. ह्यामुळे माझी गिऱ्हाइकं तुटली आहेत, ती तुटू देत. एवढंच की आण्णांचं बापाच्या हाताचं ते वाक्य मला पचलं नाही. ते खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि दोन्ही एका घरात मावली नाहीत.

पण हे पुढचं झालं. मला सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

रविवार होता. मी आंघोळ करून टीव्हीपुढे पट मांडला. दादाने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्या सातांतला पहिला डाव मी परत लावला, त्याच सुरुवातीच्या चालींनी, त्याच रंगाने. कॅसेट सुरू केली तसं कुत्रं रडायला लागलं. आळीतल्या बाया मालिकेसाठी हार घेऊन आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. त्या म्हातारीने देवाचा कोप होईल म्हणून सांगितलं. मी म्हणालो, हुईना का. आण्णा शेडच्या दारात उभे होते, आत आले नाहीत. दोन्हीकडची कामं मी एकटाच करत होतो. दिवे बघायचे, घर दाबायचं, उठायचं, डब्यात चाल दाबायची, परत बसायचं. टुक टुक आवाज दादाच्या खोलीत जात होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे तो जागा होता.

डाव अर्ध्यात असताना साहेबांची गाडी दारात थांबली. हातात पेढ्यांचा पुडा. "काय, सुरेश कुठाय? अभिनंदन करायला आलोय," ते म्हणाले. आई बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी उठलो नाही. म्हणालो, "साहेब, डाव चालू हाय. संपला की बोलू. बसा." पुण्याचा एवढा मोठा माणूस, पण माझ्या तोंडाकडे बघून बसला मुकाट ओट्यावर, पुडा मांडीवर घेऊन. ऊन वर आलं. मशीनचं प्यादं पुढे सरकत सरकत हत्तीच्या ओळीत शेवटच्या घरात पोचलं. मी मेलेल्या सोंगट्यांतून मशीनचा वजीर उचलला आणि तिथे ठेवला. मागे आण्णांचा खाकरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर फार चाली झाल्या नाहीत. मशीनचे सगळे दिवे एकदम लागले, म्हणजे मात. मी उठलो, साहेबांच्या पुढून गेलो, दादाच्या खोलीचं दार पूर्ण उघडलं, आणि आईला, आण्णांना, ओट्यावर बसलेल्या साहेबांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दादा, हरला."